गुळवेलीचा अर्क, डी-७ यीस्ट आणि पाचपट झालेला आकडा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने नोव्हेंबरात दिंडोरीकडच्या द्राक्षबागेच्या बांधावरून गुळवेल आणली. खोडाचा अल्कोहोल-पाण्यातला अर्क काढला आणि तो सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या यीस्टच्या डी-७ या वाणावर तपासला. हा वाण स्वतः ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) बनवू शकत नाही. त्याच्या जनुकात ठरावीक बदल झाला तरच तो ट्रिप्टोफॅनशिवाय वाढतो. ५ मिलिग्रॅम प्रति एमएल या मात्रेला ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवरच्या वसाहतींचं प्रमाण, जिवंत पेशींच्या हिशोबात, पाचपट झालं. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. गुळवेल जनुकांना इजा करते असं लिहायचं का? उंदराच्या यकृताचा एस-९ (यकृत पदार्थात जे बदल घडवतं ते नळीत घडवणारा अर्क) परवडत नाही, त्याशिवाय चालेल का? आणि आकडा वाढलाच नसता तर 'सुरक्षित' असं लिहिता आलं असतं का?

पहिल्याचं उत्तर : तुमच्या आकड्यांवरून नाही. कारण तुमच्याच वहीत आहे. कंट्रोलच्या, म्हणजे अर्क न दिलेल्या पेशींच्या, संपूर्ण माध्यमावर (सगळं पोषण असलेली प्लेट; लाखपट विरल, ०.२ एमएल) सरासरी २०० वसाहती आल्या, म्हणजे एमएलला १० कोटी जिवंत पेशी. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवर (दहापट विरल, ०.२ एमएल) २२ आल्या. म्हणजे २० लाख जिवंत पेशींमागे २२, दहा लाखांमागे ११. हा आकडा ठीक आहे. आता ५ मिलिग्रॅमचं पाहा. संपूर्ण माध्यमावर १६ वसाहती, म्हणजे ८ टक्केच पेशी वाचल्या. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवर ९ आल्या. या ९ ला १ लाख ६० हजार जिवंत पेशींनी भागलं की दहा लाखांमागे ५६ येतात, आणि तुमचा 'पाचपट' तयार होतो. पण प्लेटवरच्या प्रत्यक्ष वसाहती २२ वरून ९ वर उतरल्या आहेत! वाढलंय ते काही नाही, भाजक घटलाय.

भाजक घटला की गुणोत्तर वाढतं हे शाळेतलं गणित झालं. यीस्टमध्ये त्यामागे आणखी दोन कारणं असतात. एक म्हणजे प्लेटवरची उरलीसुरली वाढ. ट्रिप्टोफॅन नसलेल्या माध्यमावर टाकलेली पेशी लगेच थांबत नाही. पोटात साठलेल्या आणि शेजारच्या मेलेल्या पेशींतून पाझरलेल्या ट्रिप्टोफॅनवर ती काही वेळा विभागते, आणि प्रत्येक विभागणीत नवा कन्व्हर्टंट (जनुक बदलून ट्रिप्टोफॅनशिवाय वाढू लागलेली पेशी) निघण्याची संधी असते. प्लेटवर जिवंत २० लाख असतील तर तो शिधा चटकन संपतो. दीड लाखच जिवंत असतील आणि बाकी सगळी मढी शिधा वाटत असतील, तर वाचलेल्यांची चंगळ होते. दुसरं कारण साधं आहे. कल्चरमध्ये आधीपासून असलेले कन्व्हर्टंट अर्काला थोडे जास्त टिकाऊ असले, तर मारामारीनंतर त्यांचाच टक्का वाढलेला दिसतो. नवीन काही घडलेलंच नसतं.

म्हणून यीस्टमध्ये पुरावा कधी म्हणायचा, तर पेशी निम्म्याहून जास्त वाचलेल्या असताना, प्लेटवरची प्रत्यक्ष संख्या वाढलेली असताना, मात्रेबरोबर चढत गेलेली असताना, आणि स्वतंत्रपणे वाढवलेल्या तीन कल्चरमध्ये तेच दिसलं असताना. समजा १ मिलिग्रॅमला संपूर्ण माध्यमावर १७० आणि ट्रिप्टोफॅन नसलेल्यावर ६१ आल्या असत्या. १७ लाखांमागे ६१, म्हणजे दहा लाखांमागे ३६. हा 'फक्त' तिप्पट आकडा तुमच्या पाचपटीपेक्षा कितीतरी वजनदार ठरला असता.

शंका उरत असेल तर एक जोडप्रयोग करा. न मारलेलं कल्चर विरल करून जिवंत पेशी १ लाख ६० हजारच ठेवा, त्यात उष्णतेने मारलेल्या १८ लाख ४० हजार पेशी मिसळा आणि ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटवर पसरा. अर्काशिवायही प्रमाण दहा लाखांमागे ११ च्या वर चढलं, तर तुमच्या ५६ पैकी किती प्लेटने घडवले ते तिथेच कळेल.

आता मुळापासून, कारण चुका फक्त शेवटच्या भागाकारात होत नाहीत.

डी-७ हा झिमरमान आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेला द्विगुणित (प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असलेला) वाण. एकाच पेशीत तीन गोष्टी मोजता येतात म्हणून तो टिकला. टीआरपी-५ या जनुकाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी बिघडलेल्या आहेत. एकीवरचा चांगला तुकडा दुसरीवर उतरला की पेशी ट्रिप्टोफॅनशिवाय वाढते, हे जनुक-रूपांतर. आयएलव्ही-१ च्या दोन्ही प्रतींत एकच बिघाड आहे, तो उलटला की पेशी आयसोल्युसिनशिवाय वाढते. हे उत्परिवर्तन पहिल्यापेक्षा बरंच विरळ, म्हणून त्याला पेशी जास्त टाकाव्या लागतात. आणि एडीई-२ च्या दोन प्रती वेगवेगळ्या बिघडलेल्या पण एकमेकींना सांभाळून घेणाऱ्या, त्यामुळे वसाहत पांढरी दिसते. गुणसूत्रांत अदलाबदल झाली की एका बाजूला गडद लाल आणि दुसऱ्या बाजूला गुलाबी अशी जुळी फाक उमटते. अशी जुळी फाक हाच अदलाबदलीचा खरा पुरावा. नुसती लाल किंवा नुसती गुलाबी वसाहत इतर कारणांनीही येते, ती वेगळ्या रकान्यात लिहा.

कल्चर निवडण्यात बहुतेकजण घाई करतात. तिरप्या आगरावरून लूपभर उचललं आणि फ्लास्कमध्ये टाकलं, असं करू नका. वाढीच्या सुरुवातीलाच एखादा कन्व्हर्टंट निर्माण झाला तर कल्चर भरेपर्यंत त्याची हजारो पिल्लं होतात. ल्युरिया आणि डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये जिवाणूंत दाखवलेली हीच ती लॉटरी. एकेका वसाहतीपासून दहा छोटी कल्चर वाढवा, दहांचंही मूळ प्रमाण तपासा, सर्वांत कमी असलेलं एक घ्या आणि २० टक्के ग्लिसरॉलमध्ये छोट्या नळ्यांत भरून उणे ८० अंशांना ठेवून द्या. दर प्रयोगाला नवी नळी. एका प्रयोगातल्या सगळ्या मात्रा एकाच कल्चरवर, आणि पुनरावृत्ती मात्र वेगळ्या कल्चरवर. एकाच कल्चरच्या तीन प्लेट म्हणजे तीन पुनरावृत्ती नव्हेत. प्रबंधांत ही चूक इतकी दिसते की परीक्षकांनाही तिची सवय झाली आहे.

माध्यमं अशी. लिटरला अमिनो आम्लं नसलेला यीस्ट नायट्रोजन बेस ६.७ ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम, आगर २० ग्रॅम हा पाया. ट्रिप्टोफॅन नसलेल्या प्लेटमध्ये अॅडेनिन आणि आयसोल्युसिन (६० मिलिग्रॅम), आयसोल्युसिन नसलेल्या प्लेटमध्ये अॅडेनिन आणि ट्रिप्टोफॅन (२० मिलिग्रॅम), संपूर्ण प्लेटमध्ये तिन्ही. अॅडेनिन लिटरला ५ ते १० मिलिग्रॅमच्या वर नेऊ नका. भरपूर मिळालं तर लाल रंग धरतच नाही आणि मग 'अदलाबदल आढळली नाही' असं लिहिलं जातं. त्याच कारणाने यीस्ट एक्स्ट्रॅक्ट-पेप्टोनच्या प्लेटवर रंग मोजायला बसू नका. ग्लुकोज आणि नायट्रोजन बेस एकत्र ऑटोक्लेव्ह केले की माध्यम तपकिरी होतं, म्हणून वेगळे करून गार होताना मिसळा. ट्रिप्टोफॅन गाळून निर्जंतुक करा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा, उजेडाने ते खराब होतं. संपूर्ण प्लेट ३० अंशांना चार-पाच दिवस, मग आणखी काही दिवस फ्रीजमध्ये. गारव्यात रंग खुलतो.

रंगाच्या बाबतीत एक सापळा आहे. लाल रंगद्रव्य तयार व्हायला पेशीला श्वसन लागतं. अर्काने मायटोकॉन्ड्रियाला मार बसला तर 'पेटीट' तयार होतात, छोट्या वसाहतींच्या, आणि एडीई-२ बिघडलेला असूनही त्या पांढऱ्याच राहतात. म्हणजे अर्क एकाच वेळी अदलाबदल घडवत असेल आणि ती लपवतही असेल. शंभरेक वसाहती मखमलीच्या ठशाने ग्लिसरॉलच्या प्लेटवर उतरवा. तिथे न वाढणाऱ्या त्या पेटीट. उष्णतेनेही पेटीट वाढतात, आणि इथे नाशिकचा एप्रिल नडतो. साध्या बॅक्टेरियॉलॉजिकल इन्क्युबेटरला गार करता येत नाही. बाहेर पारा ३८-३९ ला गेला की ३० वर लावलेला इन्क्युबेटरही तिकडेच जातो, आणि रात्री वीज गेली-आली तर सकाळी सगळं ठीक दिसतं. बीओडी इन्क्युबेटर वापरा आणि आत कमाल-किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर ठेवा.

मात्रा देण्याची पद्धत. वाढीच्या ऐन जोरात, एमएलला साधारण २ कोटी असताना पेशी घ्या. आठ नळ्यांना १०० एमएल कल्चर पुरतं. ३,००० आरपीएमवर ५ मिनिटं फिरवून दोनदा धुवा आणि ०.१ मोलर पोटॅशियम फॉस्फेट बफरमध्ये (पीएच ७.४) एमएलला १० कोटी करून घ्या. नळीत २ एमएल, अर्कासकट. अर्काचा साठा डीएमएसओ या द्रावकात इतका दाट करा की डीएमएसओ १ टक्क्याच्या वर जाणार नाही. ५ मिलिग्रॅमसाठी साठा ५०० मिलिग्रॅमचा लागेल आणि पुष्कळ अर्क इतके विरघळतच नाहीत. अशा वेळी पाण्यात विरघळणारा भाग वेगळा तपासा, तळाशी बसलेल्या गाळाची मात्रा धरू नका. ३७ अंशांना दोन तास, हलवत ठेवून. मग दोनदा धुऊन २ एमएल ताज्या बफरमध्ये. विरलन तुमचं बरोबर होतं : संपूर्णसाठी लाखपट, ट्रिप्टोफॅनसाठी दहापट, आयसोल्युसिनसाठी न विरल करता, प्रत्येकी ०.२ एमएल, प्रत्येकी पाच प्लेट. मात्रेने पेशी मेल्या असतील तर त्या नळीचं विरलन त्या हिशोबाने कमी करा. पाच प्लेट मिळून पन्नासही वसाहती नसतील तर त्या आकड्यावर काही उभारू नका.

धुण्यात कंजुषी नको. वनस्पतीच्या अर्कात स्वतःचं ट्रिप्टोफॅन, आयसोल्युसिन, अॅडेनिन असतं. ते प्लेटवर गेलं तर पेशींची फिकट साय पसरते, आणि तिच्यातल्या टिपक्यांना वसाहती समजून मोजलं जातं. मोजण्याआधी प्लेट उजेडासमोर धरा. मागची पार्श्वभूमी कंट्रोलपेक्षा दाट दिसली तर मोजूच नका, पुन्हा धुऊन करा.

टॅनिन हा दुसरा उपद्रव. बाभळीची साल, हिरडा, अर्जुन यांच्या अर्कात पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात. पन्नास पेशींची गुठळी एकच वसाहत देते, त्यामुळे पेशी मेल्यासारख्या वाटतात आणि प्रमाण फुगतं. थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. गुठळ्या असतील तर बाथ सोनिकेटरमध्ये अर्धा मिनिट, तरी सुटल्या नाहीत तर त्या मात्रेचे आकडे सोडून द्या. शिवाय फेनॉल असलेले अर्क पीएच ७.४ च्या बफरमध्ये हवेशी संयोग पावून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. बफर तासाभरात तपकिरी झाला तर हेच चाललंय असं समजा. एक जोडनळी कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घालून ठेवा. कॅटालेजने परिणाम निघून गेला तर इजा नळीत तयार झालेल्या पेरॉक्साइडची होती. पोटात ती तशीच होईल असं नाही.

तुमच्या नमुन्याबद्दल मात्र सगळ्यात जास्त लिहायचं आहे. द्राक्षबागेचा बांध, आणि तोही नोव्हेंबरात. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर डावणी आणि भुरीसाठी फवारण्यांचा जोर असतो. मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, त्यावर हेक्झाकोनॅझोल, टेब्युकोनॅझोलसारखी बुरशीनाशकं. यीस्ट ही बुरशीच आहे. बांधावरच्या वेलीवर उडालेलं बुरशीनाशक अर्कात उतरलं की यीस्ट मरणारच, आणि पाप गुळवेलीच्या माथी. जखमांवर, चिरांत बसलेला तांब्याचा थर पाण्याने धुऊन सहज जात नाही.

यातलं कोण कोण आहे हे यीस्टच सांगतं, फक्त दोन तऱ्हांनी विचारावं लागतं. अॅझोल गटातली औषधं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. त्यांचा परिणाम पेशी वाढत असतानाच दिसतो. बफरमध्ये दोन तासांत ती क्वचितच मारतात. तांबं मात्र बफरमध्येही मारतं. म्हणून ९६ खणांच्या प्लेटमध्ये वाढ रोखण्याची चाचणी आणि बफरमध्ये मरण मोजण्याची चाचणी शेजारी शेजारी करा. वाढ अगदी कमी मात्रेला थांबते पण मरण दिसत नाही, असं असेल तर अॅझोलचा संशय घ्या. मरणच दिसतंय, तर तांबं बांधून ठेवणारं बॅथोक्युप्रॉइन डायसल्फोनेट १०० मायक्रोमोलर घालून पुन्हा पाहा. वाढीच्या चाचणीत एमएलला लाखभर पेशी असतात आणि बफरमध्ये १० कोटी, त्यामुळे पेशीमागे मिळणारा अर्क कितीतरी कमी होतो. दोन्हींचे मात्रेचे आकडे थेट ताडून पाहू नका, फक्त रोख पाहा. आणि ६०० नॅनोमीटरला मोजताना प्रत्येक मात्रेचा पेशीविना कोरा खण ठेवा. अर्काचा रंग आणि गढूळपणा वजा केला नाही तर वाढ थांबलीच नाही असं वाटतं.

सोपा आणि स्वस्त उपाय असा की दुसरा नमुना फवारणीपासून लांबचा घ्या, पेठ, हरसूल किंवा त्र्यंबकच्या डोंगरउताराचा, वनखात्याची परवानगी काढून. दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच पद्धतीने काढा. बांधावरचा मारतो आणि डोंगरावरचा मारत नाही, तर प्रबंधाचा विषयच बदलला, आणि माझ्या मते तो जास्त रंजक झाला. निर्यातीच्या द्राक्षांमुळे अवशेष तपासणाऱ्या प्रयोगशाळा या पट्ट्यात आहेत. एक नमुना तिकडे पाठवता आला तर उत्तमच.

ओळखही पक्की हवी. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया (म्हणजे गुळवेल) आणि तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा यांच्यातल्या गफलतीबद्दल आयुष मंत्रालयाने २०२२ मध्ये जाहीर इशारा दिला होता. पानाफुलांसह वाळवलेला नमुना जपून ठेवा आणि जाणकार वनस्पतितज्ज्ञाकडून किंवा पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या कार्यालयातून ओळख करून घ्या. बाजारातल्या पुड्यांवर जनुकीय इजेची चाचणी करू नका, आत काय आहे ते कळायला मार्ग नसतो.

अर्क काढताना लोक ते औषध कसं घेतात ते आधी पाहा. काढा म्हणून घेत असतील तर काढाच तपासा : एक भाग भरड, सोळा भाग पाणी, आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आच, गाळून गोठवून वाळवायचं. अल्कोहोलचा अर्क घ्यायचा असेल तर घ्या, पण उताऱ्याचा टक्का लिहा. १०० ग्रॅम खोडातून ८ ग्रॅम अर्क निघाला की १२ ग्रॅम, हे माहीत नसेल तर तुमचे ५ मिलिग्रॅम म्हणजे किती गुळवेल हे कोणालाच सांगता येणार नाही. रोटरी बाष्पक ४५ अंशांच्या खाली. निर्जंतुक करायला ०.२२ मायक्रॉनची गाळणी. टॅनिनने ती तुंबते, म्हणून आधी जाड कागदातून आणि ०.४५ मधून घ्या. ऑटोक्लेव्ह केलेला अर्क हा वेगळा पदार्थ असतो.

नाशिकपुरती एक टीप, जी पुस्तकांत सापडत नाही. तुमच्याच विभागात वाइनच्या यीस्टवर कोणी काम करतं का ते विचारा. वाइनचं यीस्ट हेही सॅकरोमायसिस सेरेव्हिसीच असतं आणि त्याला ट्रिप्टोफॅनही लागत नाही, आयसोल्युसिनही नाही. त्याची एक पेशी तुमच्या निवडक प्लेटवर पडली की सुरेख गोल वसाहत येते, अगदी कन्व्हर्टंटसारखी, आणि सूक्ष्मदर्शकाखालीही फरक कळत नाही. ओळखायची खूण अशी की खरा कन्व्हर्टंट ट्रिप्टोफॅनशिवाय वाढतो पण त्याला आयसोल्युसिन लागतंच. प्रत्येक मात्रेच्या दहा-वीस वसाहती आयसोल्युसिन नसलेल्या प्लेटवर ठिपक्यांनी उतरवा. दोन्हींवर वाढणाऱ्या निघाल्या तर त्या पाहुण्या. जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांच्या हंगामात, लॅमिनार हूडजवळ क्रशरचे फ्लास्क येऊ देऊ नका.

डी-७ ला हात घालण्याआधी एक स्वस्त चाळणी लावावी, असं मी नेहमी सुचवतो. बीवाय-४७४१ हा यीस्टचा मूळ वाण आणि त्यातून एकेक जनुक काढलेले चार : आरएडी-५२ (डीएनएचे तुटलेले दोन्ही धागे सांधणारं), आरएडी-१ (बिघडलेला तुकडा कापून काढणारं), वायएपी-१ (ऑक्सिडीकरणाचा ताण झेलणारं) आणि पीडीआर-५ (नको ते बाहेर फेकणारा पंप). दहापटीच्या विरलनाने पाच पायऱ्या, प्रत्येकी ५ मायक्रोलिटरचे ठिपके, अर्क मिसळलेल्या आगरवर, दोन दिवस. मूळ वाण तगला आणि आरएडी-५२ गेला, तर डीएनए तुटतंय याची शंका बळकट. वायएपी-१ च आधी गेला तर ऑक्सिडीकरणाकडे पाहा. पीडीआर-५ एकटाच गेला तर अर्कातलं काहीतरी पंपाने बाहेर टाकलं जात होतं एवढंच कळतं. अॅझोलला हा वाण कमालीचा नाजूक असतो, तेव्हा तुमच्या बांधावरच्या नमुन्याला तो हमखास 'लागू' पडेल. आरएडी-५२ काढलेला वाण अर्काशिवायही रडतखडत वाढतो, म्हणून त्याची तुलना त्याच्याच कोऱ्या प्लेटशी करायची.

या चाळणीचा खरा उपयोग सह्याद्रीतल्या नरक्यासारख्या झाडात कळतो. त्यातलं कॅम्प्टोथेसिन टोपोआयसोमरेज-१ ला डीएनएवर अडकवून ठेवतं. सांधणारं जनुक शाबूत असलेल्या साध्या यीस्टला त्याचं फारसं काही वाटत नाही, आरएडी-५२ नसलेलं मात्र कोलमडतं. फक्त साध्या वाणावर पाहिलं असतं तर कर्करोगावरच्या औषधांचं मूळ असलेला पदार्थ निरुपद्रवी ठरला असता.

आता एस-९. त्याशिवाय अर्धी वाट चालता येते. यीस्टमध्ये स्वतःचं सायटोक्रोम पी-४५० (बाहेरचे पदार्थ बदलणारं एन्झाइम) असतं, पण ते साठलेल्या, थांबलेल्या पेशीत जवळपास नसतं. लिटरला २०० ग्रॅम ग्लुकोज असलेल्या माध्यमात, वाढीच्या ऐन जोरात असलेल्या पेशींत ते भरपूर असतं, आणि अशा पेशींना काही पदार्थ बाहेरच्या यकृताशिवाय सक्रिय करता येतात. म्हणून वर 'ऐन जोरात' म्हटलं. रात्रभर वाढवून सकाळी भरलेलं कल्चर वापरलं तर ही सोय गेली. पण यीस्टचं पी-४५० म्हणजे माणसाचं यकृत नव्हे. खुळखुळ्याच्या जातींतले पायरोलिझिडिन अल्कलॉइड यकृतातल्या एन्झाइमांनीच घातक होतात. ईश्वरीतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल, जे माणसात कर्करोग करतं हे सिद्ध झालं आहे, त्यालाही आधी शरीरात बदल व्हावा लागतो. अशा वनस्पतींवर एस-९ शिवायचा नकारार्थी निकाल लिहिण्याला अर्थ नाही. एस-९ घेतलात तर मिश्रणात तो १० टक्के, एनएडीपी ४ मिलिमोलर, ग्लुकोज-६-फॉस्फेट ५, मॅग्नेशियम क्लोराइड ८, पोटॅशियम क्लोराइड ३३. पार्सल पोहोचेपर्यंत ड्राय आइस उरला आहे का ते उघडतानाच पाहा. एकदा वितळलेला एस-९ पुन्हा गोठवून वापरू नका. तो काम करतोय हे दाखवायला सायक्लोफॉस्फमाइडची नळी हवीच.

उजेडाकडे तर कोणीच बघत नाही. बावचीतले सोरालेन अंधारात डीएनएत नुसते शिरून बसतात, ३६५ नॅनोमीटरचा अतिनील किरण पडला की दोन धाग्यांना एकमेकांशी जखडतात. चार संच करा : अंधार आणि प्रकाश, अर्कासह आणि अर्काशिवाय. खिडकीशेजारच्या बाकावर केलेला प्रयोग दुपारी एक आकडा देतो आणि संध्याकाळी दुसरा, मग विद्यार्थी पिपेटला दोष देतात.

सकारात्मक कंट्रोल (इजा हमखास करणारा, चाचणी चालते हे दाखवणारा पदार्थ) म्हणून इथाइल मिथेनसल्फोनेट, एमएलला १० मायक्रोलिटर, तासभर. ते स्वतः कर्करोगकारक आहे. दोन हातमोजे, फ्युम हूड, आणि काम झाल्यावर नळ्या, टिपा, धुण्याचं पाणी सगळं १० टक्के सोडियम थायोसल्फेटमध्ये रात्रभर. सिंकमध्ये ओतायचं नाही. बिब्ब्याचा अर्क काढत असाल तर हातमोजे त्याच्यासाठीही, त्याचं तेल अंगावर फोड आणतं.

तिसरा प्रश्न, 'सुरक्षित' या शब्दाचा. यीस्टच्या या चाचण्यांना ओईसीडीची (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) मार्गदर्शक तत्त्वं होती, ४८० आणि ४८१ क्रमांकाची, १९८६ ची. २०१४ मध्ये ती रद्द झाली. रसायनांच्या नोंदणीसाठी आज यीस्टचा निकाल कोणी मागत नाही. तिथे जिवाणूंची एम्स चाचणी (४७१) आणि सस्तन पेशींतली मायक्रोन्यूक्लियस (४८७) लागते. यीस्टचा उपयोग चाळणीसाठी आणि कारण शोधण्यासाठी आहे, आणि तेवढा तो भरपूर आहे. भिंत जाड, पंप जोरदार, यकृत नाही, अशा पेशीने 'काही झालं नाही' म्हटलं तर प्रबंधात लिहायचं वाक्य असं : 'अमुक ठिकाणाहून, अमुक महिन्यात घेतलेल्या गुळवेलीच्या खोडाच्या अर्काने अमुक मात्रेपर्यंत, बाह्य चयापचयाशिवाय, डी-७ वाणात जनुक-रूपांतर वा उत्परिवर्तनाचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही.' 'सुरक्षित' हा शब्द त्यात बसत नाही.

काही मार्गदर्शक अशा वेळी दुसरी वाट सुचवतात, की अर्क 'रक्षण करतो' हे दाखवा. पेरॉक्साइड आणि अर्क एकाच नळीत टाकायचे आणि इजा कमी झाली म्हणून आनंद मानायचा. त्या नळीत अर्काने पेशीला हातही लावलेला नसतो, पेरॉक्साइडच संपवलेला असतो. रक्षण दाखवायचंच तर पेशी आधी अर्कात ठेवा, दोनदा धुवा, आणि मग पेरॉक्साइड द्या.

तुमच्याकडे आता वेळ किती आहे ते ठाऊक नाही, पण महिनाभर असेल तर क्रम असा ठेवा : डोंगरउताराचा नमुना आणि ठिपक्यांची चाळणी पहिल्या आठवड्यात. कल्चर निवडून गोठवणं त्याच्याच जोडीला. नंतर ०.२५ ते २ मिलिग्रॅमच्या चार मात्रा, दोन्ही नमुने, तीन वेगळी कल्चर. ५ मिलिग्रॅमची नळी ठेवली तरी चालेल, फक्त तिचे आकडे 'मरण' या रकान्यातच लिहा.